दमसासाचे मोजमाप: धावणाऱ्याला वगळण्यासाठी की घडविण्यासाठी?

उन्हाळ्यात रायपूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे भरतीची तयारी करणारी मुले-मुली उजाडण्यापूर्वीच मैदान गाठतात. छत्तीसगडच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या या तरुणांची ध्येये किलोमीटर आणि मिनिटांत ठरलेली असतात. सैन्यभरतीत १.६ किमी अंतर साडेपाच मिनिटांत कापणाऱ्याला धावण्याचे पूर्ण ६० गुण मिळत आले आहेत. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाई भरतीत पुरुषांना ५ किमी २४ मिनिटांत, तर महिलांना १.६ किमी साडेआठ मिनिटांत धावावे लागते. भारतीय वनसेवेसाठी निवड झालेल्या पुरुष उमेदवाराला ४ तासांत २५ किमी चालून दाखवावे लागते, स्त्री उमेदवाराला १४ किमी.

या सर्व चाचण्यांत एक समान धागा आहे. त्या शेवटी येतात आणि उत्तर देतात ते केवळ ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढेच. आज आपला दम किती आहे, सहा आठवड्यांत तो किती वाढू शकेल, त्यासाठी रोज किती वेगाने धावावे, या प्रश्नांशी त्यांचा संबंध नसतो. प्रत्यक्षात हेच प्रश्न सोडविण्यासाठी शरीरक्रियाविज्ञानाने शंभर वर्षे खर्ची घातली आहेत. शारीरिक क्षमतेच्या चाचणीचा इतिहास म्हणजे एकाच साधनाच्या दोन उपयोगांचा इतिहास आहे: माणसे निवडून काढणे, आणि माणसे घडविणे.

या इतिहासाचे भारतीय टोक पुण्यात सापडते. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी अनवाणी धावणारे शेतकरी-कुटुंबांतील तरुण पाहिले. त्यांना ना शास्त्रशुद्ध प्रशिक्षण होते, ना स्पर्धेच्या नियमांची ओळख. तरीही त्यांच्या वेळा टाटांना युरोपातील धावपटूंच्या तोडीच्या वाटल्या. त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किमीची होती. चौगुले यांनी ती सुमारे २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पूर्ण करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. विजेते फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन यांना २ तास ३२ मिनिटे लागली होती.

चौगुले दर किलोमीटरला जवळपास ४ मिनिटे या गतीने धावले. सपाट रस्त्यावर धावण्यास किती ऑक्सिजन लागतो, याचे एक सोपे सूत्र आज वापरले जाते: मिनिटाला जितके मीटर धावले त्याचा पाचवा भाग अधिक साडेतीन. या सूत्रानुसार २५० मीटर प्रतिमिनिट या गतीला शरीराच्या दर किलोमागे मिनिटाला सुमारे ५३ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. पावणेतीन तासांहून अधिक काळ एवढी मागणी पुरविणाऱ्या माणसाची कमाल क्षमता त्याहून बरीच जास्त असली पाहिजे. परंतु त्या वेळी निवडीची साधने दोनच होती: घड्याळ आणि जाणत्याची नजर. धावपटूच्या आत काय चालते ते सांगणारे विज्ञान नुकतेच आकार घेत होते.

त्या विज्ञानाला निश्चित रूप दिले ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी. स्नायूंतील उष्णतानिर्मितीच्या संशोधनासाठी त्यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हिल स्वतः धावत असत आणि प्रयोगाचा विषयही पुष्कळदा तेच असत. पाठीवर मोठी हवाबंद पिशवी बांधून ते मैदानावर ठरावीक वेगाने फेऱ्या मारीत. उच्छ्वासाची हवा त्या पिशवीत जमा होई आणि नंतर तिच्यातील वायूंचे पृथक्करण केले जाई. वेग वाढविला की ऑक्सिजनचा वापर वाढे. पण एका मर्यादेनंतर वेग वाढवूनही तो वाढेनासा होई. हिल आणि हार्टली लप्टन यांनी १९२३ मध्ये ही मर्यादा मांडली. आज तिला कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता म्हणतात. हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायू मिळून किती ऑक्सिजन वापरू शकतात याची ती मोजणी आहे.

याच हिल यांचा भारताशी, आणि थोड्या आडवळणाने रायपूरशीही, संबंध येतो. नोव्हेंबर १९४३ ते एप्रिल १९४४ या काळात ते भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि देशातील विज्ञानसंशोधनावर त्यांनी अहवाल लिहिला. अखिल भारतीय स्तरावरील एक वैद्यकीय केंद्र उभारावे, ही त्यांची महत्त्वाची सूचना होती. दिल्लीत १९५६ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या, म्हणजेच ‘एम्स’च्या, कल्पनेमागे ही सूचना मानली जाते. रायपूरचे एम्स २०१२ मध्ये सुरू झाले. धावपटूच्या श्वासाचे माप घेणाऱ्या शास्त्रज्ञाची दुसरी कल्पना अशा रीतीने या शहरात पोहोचली. पहिली मात्र तेथील मैदानांवर अजून पुरती उतरलेली नाही.

हिल यांची पद्धत अचूक असली तरी खर्चिक आणि वेळखाऊ होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला हजारो तरुणांची क्षमता झटपट जोखायची होती. हार्वर्ड विद्यापीठात १९२७ पासून थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. तेथे मूळचे बेल्जियमचे शास्त्रज्ञ लुसियाँ ब्रूहा यांनी १९४३ मध्ये एक विलक्षण साधी चाचणी प्रसिद्ध केली. साहित्य एवढेच: २० इंच उंचीचे बाक, ठेका देणारे यंत्र आणि घड्याळ. उमेदवाराने मिनिटाला ३० वेळा या गतीने बाकावर चढायचे आणि उतरायचे. हे कमाल ५ मिनिटे, किंवा ठेका सुटेपर्यंत. त्यानंतर खाली बसायचे आणि विश्रांतीच्या दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मिनिटाच्या पहिल्या अर्ध्या भागात नाडीचे ठोके मोजायचे.

गणितही सोपे आहे. चाचणी जितके सेकंद टिकली त्या संख्येला १०० ने गुणायचे आणि तिन्ही मोजण्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचे. पूर्ण ३०० सेकंद टिकलेल्या तरुणाचे ठोके ७५, ६५ आणि ६० आले, तर बेरीज २०० होते आणि गुणांक ७५ येतो. मूळ वर्गवारीनुसार ९० च्या वर उत्तम, ८० ते ८९ चांगला, ५५ च्या खाली कमकुवत. दमदार हृदय श्रमानंतर लवकर शांत होते, या एका निरीक्षणावर ही चाचणी उभी आहे.

हार्वर्डची चाचणी युद्धकाळातील चाळणी म्हणून जन्मली. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींत मात्र चाचणीचा दुसरा उपयोगही आकाराला आला होता. तेथील दमट उष्णतेत मजूर उष्माघाताने मरत होते. १९३० च्या दशकात ए. ओ. ड्रेओस्टी या डॉक्टरांनी नव्या मजुरांची उष्ण दालनात श्रम करवून परीक्षा घेतली आणि शरीराचे तापमान किती चढते ते पाहिले. ज्यांचे तापमान फार चढे त्यांना एकदम खोल खाणीत न पाठविता काही दिवस टप्प्याटप्प्याने उष्णतेची सवय लावली जाई. या व्यवस्थेचा हेतू परोपकाराचा नव्हता. वसाहतवादी खाणमालकांना काम हवे होते. पण तिच्यातील वैज्ञानिक तत्त्व टिकले: कोण कमी पडतो हे कळणे पुरेसे नाही, त्याला किती दिवस कशी तयारी लागेल हेही मोजणीतून ठरले पाहिजे.

पुढील दोन-तीन दशकांत हे तत्त्व क्रीडाप्रशिक्षणात रुजले. फिनलंडचे मार्टी कार्व्होनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये काही तरुणांना रोज अर्धा तास धावपट्ट्यावर धावायला लावले. विश्रांतीतील आणि कमाल हृदयगतीमधील जो फरक असतो, त्याच्या किमान ६० टक्क्यांपर्यंत हृदयगती न गेल्यास सुधारणा फारशी दिसत नाही, असे त्यांना आढळले. समजा, एखाद्या तरुणीचे विश्रांतीतील ठोके ६० आणि कमाल १९० आहेत. फरक १३० चा. त्याचे ६० टक्के म्हणजे ७८. तेव्हा तिच्या सरावाची किमान पातळी मिनिटाला १३८ ठोके. ‘जोर लावून धाव’ या मोघम सल्ल्याच्या जागी आता एक आकडा आला, आणि तो प्रत्येकासाठी वेगळा होता.

१९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांनी बाक आणि यंत्रही बाजूला केले. १२ मिनिटांत शक्य तितके अंतर धावा, एवढीच त्यांची चाचणी. हवाई दलातील ११५ पुरुषांवर त्यांनी हे अंतर आणि प्रयोगशाळेत मोजलेली कमाल ऑक्सिजन ग्रहणक्षमता ताडून पाहिली. दोहोंतील सहसंबंध ०.९० इतका घनिष्ठ निघाला. मीटरमधील अंतरातून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले की क्षमतेचा अंदाज मिळतो. १२ मिनिटांत २४०० मीटर धावणाऱ्याची क्षमता सुमारे ४२ येते, २८०० मीटर धावणाऱ्याची ५१.

कमाल मर्यादा हीच सारी कथा नव्हे, हेही याच काळात उमगले. १९६४ मध्ये कार्लमन वॉसरमन आणि माल्कम मॅकइलरॉय यांनी हृदयरोग्यांचा अभ्यास केला. अशा रुग्णांना दमछाक होईपर्यंत पळविणे धोक्याचे होते. म्हणून त्यांनी श्वासातील बदलांवरून, स्नायूंत लॅक्टेट साचू लागण्याचा बिंदू हुडकण्याची रीत मांडली. पुढे कानाच्या पाळीतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून हा उंबरठा मोजता येऊ लागला. लांब पल्ल्याच्या धावपटूला खरा उपयोग याचाच असतो. दोघांची कमाल क्षमता सारखी असली, तरी ज्याचा उंबरठा वरच्या वेगावर आहे तो अधिक काळ टिकतो. प्रयोगशाळा नसेल तर एक ढोबळ कसोटी हाताशी आहे: धावताना पूर्ण वाक्य सहज बोलता येत असेल तर धावक उंबरठ्याच्या खाली आहे, दोन-चार शब्दांत धाप लागत असेल तर तो त्याच्यावर गेला आहे.

ही परंपरा भारतात आली, आणि तिला मराठी मुलुखातील एका प्रयत्नाची जोड आहे. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून योगाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला आणि ‘योग-मीमांसा’ हे नियतकालिक काढले. त्याच संस्थेत १९७० च्या दशकात एम. एल. घरोटे यांनी योगप्रशिक्षणाचा शारीरिक क्षमतेवरील परिणाम प्रमाणित चाचण्यांनी तपासला. अशा अभ्यासात चाचणी दोनदा घेतली जाते, प्रशिक्षणाआधी आणि नंतर. तिचा निकाल उमेदवाराबद्दल नसतो, प्रशिक्षणाबद्दल असतो.

परदेशी मापे जशीच्या तशी वापरावीत का, हाही प्रश्न होता. २० इंचांचे बाक सरासरी भारतीय उंचीच्या माणसासाठी उंच पडते. हृदयाची परीक्षा होण्याआधीच मांड्या भरून येतात. कोलकाता विद्यापीठातील सतीपती चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजची सव्वासोळा इंचांच्या पायरीची ३ मिनिटांची चाचणी भारतीय तरुणांवर घेतली. तिचे अंदाज ऑक्सिजनच्या थेट मोजणीशी ताडले आणि ती या गटासाठी विश्वासार्ह ठरविली. असे ताडून पाहिल्याशिवाय एका लोकसमूहाचा तक्ता दुसऱ्याला लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे जोडे घालण्यासारखे आहे.

आता या सगळ्या ज्ञानाचा रायपूरच्या मैदानावरील उमेदवाराला उपयोग काय, ते पाहू. ५ किमी २४ मिनिटांत म्हणजे मिनिटाला सुमारे २०८ मीटर. वर दिलेल्या सूत्रानुसार या गतीला किलोमागे सुमारे ४५ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. २४ मिनिटे टिकायचे तर ही मागणी कमाल क्षमतेच्या साधारण ९४ टक्क्यांपर्यंतच असावी. म्हणजे क्षमता ४८ च्या आसपास हवी. कूपर यांच्या सूत्रात ती बसविली तर १२ मिनिटांत सुमारे २६५० मीटर हे अंतर येते. एखादा तरुण पहिल्या दिवशी २२५० मीटर धावला, तर त्याला ४०० मीटरची दरी भरून काढायची आहे. हा अंदाज आहे, निर्णय नव्हे. पण त्यावरून तयारीला आठवडे लागतील की महिने, हे भरतीच्या तारखेआधी कळते. दर ४ ते ६ आठवड्यांनी त्याच मैदानावर, त्याच वेळी, तशाच हवेत चाचणी पुन्हा घेतली की सराव लागू पडतो की नाही तेही दिसते.

‘त्याच वेळी’ या अटीला कारण आहे. शरीराचे तापमान, हृदयगती आणि स्नायूंची ताकद दिवसाच्या वेळेनुसार बदलते. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात कालजीवशास्त्राचे, म्हणजे शरीरातील अशा लयींचे, संशोधन दीर्घकाळ झाले आहे. पहाटेची चाचणी आणि सायंकाळची चाचणी यांची तुलना केली, तर घड्याळातला फरक सरावाचा आहे की वेळेचा हे सांगता येत नाही.

मोजणीविना केलेल्या तयारीची किंमत कधी कधी जिवाने चुकती होते. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किमी धावेत उमेदवार कोसळले आणि त्यांतील काही मृत्युमुखी पडले. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने अंतर ३ किमीवर आणले. पुढे पुरुषांसाठी ते १६०० मीटर झाले. छत्तीसगडला लागून असलेल्या झारखंडमध्ये ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उत्पादन शुल्क शिपाई भरती सुरू झाली. पुरुषांना १० किमी ६० मिनिटांत, महिलांना ५ किमी ४० मिनिटांत धावायचे होते. काही दिवसांत दहाहून अधिक तरुण दगावले. सरकारने भरती काही दिवस थांबविली आणि धाव सकाळी लवकर उरकण्याचे ठरविले.

तासाला १० किमी हा वेग धावपटूच्या दृष्टीने फार नव्हे. सूत्राप्रमाणे त्याला किलोमागे सुमारे ३७ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. प्रत्येक मृत्यूचे कारण एकच असेल असेही नाही. उकाडा, दमट हवा, अपुरी तयारी, उत्तेजक द्रव्ये अशी अनेक कारणे तेव्हा चर्चेत आली. परंतु ज्याची क्षमता ३५ आहे त्याला ३७ ची मागणी तासभर पुरविणे अशक्य असते, आणि नोकरीची एकच संधी समोर असताना तो थांबत नाही. त्यात उष्णतेची सवय नसेल तर संकट दुणावते. ही सवय लागण्यास साधारण १० ते १४ दिवस लागतात; तेवढ्यात रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठ कमी जाते. अंतर कमी करणे हा तातडीचा उपाय झाला. उमेदवाराला तीन महिने आधी आपली क्षमता कळणे आणि गरज असेल तेथे हृदयाची वैद्यकीय तपासणी होणे, हा खरा उपाय होय. कूपर यांची चाचणीही पूर्ण ताकदीची असल्याने छातीत दुखणे, चक्कर किंवा घराण्यात अकाली हृदयविकार असणाऱ्याने ती डॉक्टरांच्या सल्ल्याविना करू नये.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘खेलो इंडिया’ शालेय तपासणीत मोठ्या मुलांची ६०० मीटर धाव नोंदविली जाते. तो आकडा प्रगतिपुस्तकात विसावला तर ती आणखी एक परीक्षा ठरेल. व्यायामशिक्षकाने तोच आकडा पाहून पुढल्या महिन्याचा सराव ठरविला, तर भरतीच्या मैदानावर पोहोचेपर्यंत त्या मुलाकडे स्वतःच्या दमसासाची दहा वर्षांची नोंद असेल. चौगुले यांच्या पिढीला हे साधन उपलब्ध नव्हते. आज त्यासाठी लागते ते आखलेले मैदान, घड्याळ, वही आणि नाडीवर ठेवलेली दोन बोटे.